सुजाताच्या यादीत मी नव्हते

सुजाता गेल्याची बातमी मला ज्या बाईनं फोनवर सांगितली, तिला मी तोवर कधी भेटले नव्हते. डिसेंबरची सकाळ होती, नागपुरात मिहानमधल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नुकतीच जागेवर येऊन बसले होते. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आले होते. सुजाताच्या छातीतलं दुखणं थोडं उतरलंय असं डॉक्टर म्हणाले होते, आई तिच्याजवळ होती, म्हणून कामावर आले. अनोळखी नंबर बघून पहिल्यांदा फोन उचलला नाही. पुन्हा वाजला तेव्हा उचलला. "ताई, मी रेखा बोलून राहिली. सुजाताताईची मैत्रीण. तुम्ही दवाखान्यात या... ताई गेल्या." आई गडबडीत स्वतःचा फोन घरी विसरली होती. तिच्या हातात सुजाताचा फोन होता, पण तो तिला उघडता येत नव्हता. या रेखानं सहज विचारपूस करायला त्याच फोनवर फोन केला, तो आईनं घेतला, आणि 'सुजू गेली' हे दोन शब्द आई पहिल्यांदा तिच्याशी बोलली. मग आईनं माझा पाठ असलेला नंबर तिला सांगितला आणि तिनं मला कळवलं. पुढे जे व्हायचं ते सगळं झालं, रडणं झालं, माणसं आली. पण त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायला मला लाज वाटते आहे, तरी लिहिते. मनात आलं, ही कोण? माझी बहीण गेली हे मला सांगणारी ही कोण?

सहा आठवडे झालेत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे, आणि सुजूबद्दल चांगलं लिहिण्यासारखं खूप आहे. पण मला तिचा हेवा वाटत असे. लहानपणी वाटला, मोठेपणी वाटला, ती गेल्यावरही वाटतो आहे. हे वगळून लिहिलं तर ते दुसऱ्याच कुणाच्या तरी बहिणीबद्दल होईल.

ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. तीन वर्षांची असताना तिला सिकलसेल असल्याचं कळलं. उत्तर नागपुरात आमच्या वस्तीत हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही, पण इतरांसाठी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की माणसाला चादरीचं ओझंही सहन होत नाही. आईबाबा दोघांच्याही रक्तात तो दोष अर्धा अर्धा होता. माझ्या वाट्याला एकाचाच आला, म्हणून मी धडधाकट राहिले. तिच्या वाट्याला दोघांचा आला. घरातलं सगळं या एका फरकाभोवती फिरायचं. आई तिच्याजवळ झोपायची. बाबा पोस्टातून आले की सायकल लावून आधी तिच्या पायांना शेक द्यायला बसायचे. मला कुणी काही कमी केलं नाही, फक्त माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

सातवीत मी वर्गात पहिली आले. सीताबर्डीच्या बाजारातून मला नवे बूट घ्यायचे ठरले. आम्ही चौघं बसनं निघालो. व्हरायटी चौकात उतरलो आणि सुजू तिथंच फुटपाथवर बसली. तिच्या गुडघ्यात कळ आली होती. बाबांनी तिला उचललं, ऑटो थांबवला आणि आम्ही तिथूनच दवाखान्यात गेलो. बाकावर बसून मी मनाशी म्हटलं, आपल्यालाही काहीतरी व्हावं. पुढे एकदा मी पाय दुखत असल्याचं नाटकही केलं. आई आली, थोडा वेळ पाय दाबले, मग माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि काही न रागावता म्हणाली, "उठ, अभ्यास कर." तिला खरं दुखणं ओळखता येत होतं. सुजू बाजूच्या खाटेवरून बघत होती. ती हसली नाही, पण मी उठून जाताना तिनं डोळे मिटून घेतलेले मला अजून आठवतात.

मी इंजिनिअर झाले, नोकरीला लागले, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. बाबा वारले. सुजूनं घरी राहून बी.ए. केलं. खुब्याचं हाड झिजलं तशी ती काठी घेऊन चालू लागली, गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली. वर्षातून पाच-सहा वेळा दवाखाना ठरलेला. तिच्याकडे कागदांची एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी असे. दर वेळी तातडीच्या विभागात एखादा नवा डॉक्टर ती पिशवी उलटीपालटी करायचा आणि शेवटी तिलाच विचारायचा, काय होतंय? दुखण्यानं दातखीळ बसलेल्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागे. कोणतं इंजेक्शन लागू पडतं हे तिनं नाव घेऊन सांगितलं की डॉक्टरला संशय यायचा, हिला सवय तर नाही लागली?

आणि मग आमच्या कंपनीकडे नेमकं हेच काम आलं. सिकलसेलच्या रुग्णांना आपली माहिती स्वतःजवळ ठेवता यावी, डॉक्टरांना दाखवता यावी, असं मोबाइलवरचं अॅप. त्याची मांडणी माझ्याकडे होती. वापरून बघायला सहा रुग्ण हवे होते, त्यात मी सुजूला घेतलं. तिची अडचण मला ठाऊक होती म्हणून घेतलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला तिला दाखवायचं होतं... ताई काय करते, ताईच्या हाताखाली किती माणसं आहेत, हे तिनं एकदा यावं आणि बघावं.

आम्ही मेट्रोनं गेलो. ती काठी टेकवत ऑफिसात आली, खुर्चीत बसली आणि मोबाइल हातात घेतला. दुखणं किती हे सांगायला आम्ही हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे दिले होते. जगभर तसेच देतात. तिनं त्या रांगेवरून बोट फिरवलं. "यातला एक बी चेहरा माझा नाही वं ताई," ती म्हणाली. "मी दुखतानी रडत नाही. रडणं केव्हाचंच सोडलं. म्हणूनच तर डॉक्टर म्हणते, हिले काही झालं नाही." मी विचारलं, मग काय ठेवायचं? तिनं थोडा विचार केला आणि सांगितलं की चेहरे काढा आणि विचारा, उठून पाणी घेता येतं का? कूस बदलता येते का? एक पूर्ण वाक्य बोलता येतं का? आमच्या टीममधली माणसं टिपून घेऊ लागली. मग ती आमच्या पहिल्या पानावर आली. तिथं आम्ही जन्मापासूनचा इतिहास ओळीनं लावला होता, त्याचा मला अभिमान होता. तिला तो आवडला नाही. तिचं म्हणणं असं की नव्या डॉक्टरला इतिहास नको असतो, त्याला तिचं नेहमीचं काय ते माहीत नसतं. तिचं हिमोग्लोबिन सात असतं. सात बघून तो घाबरतो आणि रक्त चढवायला धावतो, पण सात म्हणजे तिचं बरं असणं. डोळे पिवळे असणं हेही तिचं नेहमीचं. तेव्हा पहिल्या पानावर एवढंच असावं, माझं नेहमीचं काय, आणि आज त्यापेक्षा वेगळं काय.

दोन वर्षं मी ज्यावर घासत होते, ते तिनं तासाभरात उलटं करून सरळ केलं. त्या दिवसापासून ऑफिसात काहीही ठरायचं असलं की कुणीतरी म्हणायचं, सुजाताताईंना विचारलं का? एकदा मी चिडून म्हणाले, मी तिची सख्खी बहीण आहे, मला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. तिला कूस बदलता येत नाही असे दिवस असतात, हे मला त्या टेबलाशी कळलं होतं, माझ्या हाताखालच्या माणसांबरोबर, एकाच वेळी.

पुढे ज्यांनी हे काम दिलं होतं त्यांच्यासमोर सादरीकरण झालं. बाहेरगावचे डॉक्टर आले होते. सुजू मागच्या रांगेत बसली होती. 'माझं नेहमीचं' हे पान पडद्यावर आलं तेव्हा मी म्हणाले, "आमच्या असं लक्षात आलं." सगळ्यात जास्त दाद त्या पानाला मिळाली. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, ही कल्पना कुणाची? मी म्हटलं, टीमची. मागे बसलेल्या तिच्याकडे बोट दाखवायला मला एक क्षण लागला असता. तो मी दिला नाही. परतताना मेट्रोत ती खिडकीशी बसली होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "चांगलं बोलली तू. फक्त 'आमच्या लक्षात आलं' म्हणतानी जराशी अडखळली." आणि पुन्हा बाहेर बघू लागली. मी विषय बदलला. पुढेही तो विषय मी कधी काढला नाही. तेव्हा आज इथे लिहिते, ती कल्पना सुजाताची होती. ते चेहरे काढले तेही तिनंच.

नंतर ती अॅप शिकवायला गावोगावी जाऊ लागली. काठी घेऊन, एसटीनं, नरखेड तालुक्यापर्यंत. आई काळजी करायची, पण एवढी खूश मी तिला कधी बघितली नव्हती. अशाच एका फेरीवरून ती आली आणि आमचं मोठं भांडण झालं. आमच्या मांडणीत रुग्णाची सगळी माहिती घरच्या एका माणसाला आपोआप दिसायची. ती म्हणाली, हे काढ. कुणाला काय दिसावं हे ज्याचं दुखणं त्यानंच ठरवायचं, घरच्यांच्या बाबतीतसुद्धा. मी म्हटलं, घरच्यांपासून काय लपवायचं असतं? आई समोर भाजी निवडत होती. "लपवाचं नाही वं," सुजू म्हणाली. "आपलं आपल्याजवळ ठेवाचं. माह्या अंगात काय होते हे लहानपणापासून साऱ्या गल्लीले माहीत आहे. एखादी गोष्ट माही मले ठेवू दे ना." मी हरले. प्रत्येक नोंदीला कुलूप आणि ती कुणाकुणाला दिसेल याची यादी, हे सगळं मीच बांधून दिलं. चांगलं बांधलं. माझं काम कच्चं नसतं.

आमची शेवटची भेट त्या संध्याकाळची. तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, बोलताना धाप लागत होती, तरी तिला काहीतरी सांगायचंच होतं. तातडीच्या विभागात एक नवाच डॉक्टर होता. तिनं मोबाइल पुढे केला, त्यानं ते पहिलं पान वाचलं आणि सरळ इंजेक्शन दिलं. "विचारलंच नाही काही," ती म्हणाली. "वाचलं... अन् देल्लं." पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिला आपलं दुखणं सिद्ध करावं लागलं नव्हतं. तिचा चेहरा उजळला होता. यावर कुणीही तिचा हात हातात घेतला असता. मी तो मोबाइल घेतला, पान बघितलं आणि म्हणाले, अक्षरं जरा बारीक आहेत, सुधारावी लागतील. तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. मी पर्स उचलून निघाले. हे माझे तिच्याशी शेवटचे शब्द.

तिच्या जाण्यानंतर दोनेक आठवड्यांनी तिचं खातं बंद करायचं काम माझ्याकडेच आलं. यादी समोर उघडली. तिच्या नोंदी कुणाला दिसाव्यात, या ओळीपुढे दोनच नावं होती. तिचे डॉक्टर, आणि रेखा. आईचं नाव नव्हतं. माझं नव्हतं. तीन वर्षांच्या नोंदी होत्या आणि कुठलंही कुलूप उघडणारा कंपनीचा पासवर्ड माझ्याकडे होता, कारण तो मीच ठरवला होता. सगळे जेवायला गेले होते. मी बराच वेळ कीबोर्डवर हात ठेवून बसले आणि मग खातं बंद न करताच उठले. याला कुणी चांगुलपणा म्हणू नये. तिनं माझ्याबद्दल वाईट लिहिलं असेल याची मला भीती नव्हती. माझ्याबद्दल काहीच लिहिलं नसेल, याची होती.

त्याऐवजी मी रेखाला फोन केला आणि रविवारी एसटीनं नरखेडजवळच्या तिच्या गावी गेले. संत्र्याची तोडणी चालू होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्रेट रचलेले होते. रेखा पंचविशीतली, बारीक, चटपटीत. तिलाही सिकलसेल आहे, पण सासूला ते ठाऊक नाही, फक्त नवऱ्याला माहीत आहे. सासूला तिनं सांगितलं, बचत गटाच्या मॅडम आल्यात, आणि मला घेऊन बगीच्याकडे निघाली. ते कुलूप सुजूनं कुणासाठी मागितलं होतं, ते मला त्या बांधावरून चालताना कळलं.

एका झाडाखाली आम्ही बसलो. रेखानं सांगितलं की दोघी रोज एकमेकींच्या नोंदी वाचायच्या. एकीला दुखलं की दुसरी फक्त 'वाचलं' एवढंच लिहायची. उपाय सांगायचा नाही, काळजी घे म्हणायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं होतं. मी विचारलं, मला दाखवशील? तिचा मोबाइल तिच्या हातातच होता. तिनं तो मांडीवर पालथा ठेवला आणि म्हणाली, "त्यायनं तुमचं नाव टाकलं नव्हतं ताई. मी कशी दाखवू?"

मला राग आला. एवढ्या लांब आले होते, तिची सख्खी बहीण होते, आणि ही पोरगी माझ्याच हातानं बनवलेलं कुलूप माझ्या तोंडावर लावत होती. मी उठले असते, पण तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "पण एक बोलल्या होत्या, लिहिलं नव्हतं, तोंडी सांगितलं होतं. ते सांगते," ती म्हणाली. "मी त्यायले विचारलं होतं, ताईचं नाव काहून नाही टाकत? तं हसल्या. म्हणे, माही ताई माह्यावर जळते. लहानपणापासून जळते. बाकी सारं जग मले पाहून अरेरे म्हणते. जळणारी एकच आहे. तिनं हे वाचलं तं ती बी अरेरे म्हणन. मंग माह्यापाशी काय राहिलं?"

दूर कुणीतरी क्रेट ट्रॅक्टरवर चढवत होतं, त्याचा आवाज येत होता. रेखानं ओढणीनं डोळे पुसले, चार संत्री तोडून माझ्या पिशवीत घातली आणि सासू वाट बघत असेल म्हणून लगबगीनं घराकडे वळली.

परतीच्या बसमध्ये मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. तिला माहीत होतं. व्हरायटी चौकापासून माहीत होतं, त्या मेट्रोतही माहीत होतं. जे मी जन्मभर लपवत आले, ते तिनं स्वतःजवळ जपून ठेवलं होतं. माझं समाधान व्हायला हवं होतं, आणि काटोल येईपर्यंत ते झालंही. मग मनात आलं, हे ती रेखाशी बोलली. माझ्याबद्दल बोलली आणि तेही रेखाशी. मी जिथं नव्हते त्या सगळ्या दुपारी त्या पोरीला तिचं हसणं ऐकायला मिळालं. खिडकीकडे तोंड करून मी रडले, आणि त्या रडण्यात दुःख किती आणि हेवा किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

सध्या मी आईकडे राहते आहे. सिकलसेलच्या माणसाला दिवसभर पाणी पीत राहावं लागतं, म्हणून आई सकाळी उठल्या उठल्या तीन बाटल्या भरायची आणि सुजूच्या खोलीतल्या खिडकीत ओळीनं ठेवायची. अजूनही ठेवते. संध्याकाळी तेच पाणी कुंड्यांना घालते. मी तिला काही म्हणत नाही. मागच्या आठवड्यात सकाळी मी त्या खोलीत गेले आणि का कोण जाणे, पहिली बाटली उचलून तोंडाला लावली. दोन घोट घेतले आणि वळले, तर आई दारात उभी होती. मला वाटलं, ती म्हणेल ती सुजूची आहे. मी बाटली खाली ठेवू लागले.

"सारी पी," आई म्हणाली.

मी एकोणचाळीस वर्षांची आहे. चौकटीला हात टेकून, माझ्या चेहऱ्यावरची नजर न हलवता, आई तिथं उभी राहिली... बाटली रिकामी होईपर्यंत.